आबांना सोसू देऊ नको

बेटा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला. आबांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरची पहिली केमो झाली, घरी आणलं आणि आता रोज नेमकं काय करायचं तेच कळत नाही असं तू लिहिलंय. मला विचारलंस ते बरं केलंस, मी स्वतः याच आजारासोबत राहतेय आणि शाळेत तुला शिकवलंय म्हणून जरा हक्काने सांगते.

तुझ्या मेसेजमधलं एकच वाक्य धरते. आबा काही सांगतच नाहीत, विचारलं की म्हणतात बरं शे. बेटा, मला त्या 'बरं शे'चीच जास्त काळजी वाटते. आपल्याकडची शेतकरी माणसं अंगात ताप घेऊन रात्रीच्या लाइटीला केळीला पाणी भरायला जातात, आयुष्यभर सोसण्याचीच सवय, आणि लोक त्याचं कौतुकही करतात. पण या आजारात सोसणं महागात पडतं. फ्रान्समध्ये फुफ्फुसाच्याच कॅन्सरच्या पेशंटवर एक अभ्यास झाला, 2017 मध्ये छापून आला. काही पेशंटनी दर आठवड्याला आपला त्रास ऑनलाइन फॉर्मवर कळवायचा आणि काही बिघडलं की डॉक्टरांनी लगेच बघायचं, एवढंच. बाकीच्यांचं नेहमीसारखं चेकअप आणि स्कॅन. तर कळवणारे साधारण सात महिने जास्त जगले. औषध नवीन नव्हतं, त्रास लवकर कळला एवढाच फरक.

म्हणून तुझं पहिलं काम म्हणजे आबांकडून काढून घेणं. कसं वाटतंय असं विचारू नको, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. रात्री किती वेळा जाग आली, ओट्यापासून मोरीपर्यंत जाताना थांबावं लागलं का, भाकरी पूर्ण गेली की अर्धी, संडासला झालं का, खोकल्यात काही लाल दिसलं का असं विचार. एक शंभर पानी वही कर आणि रोज दोन ओळी लिही, ताप, वजन, जेवण, दम, दुखणं. ओपीडीत डॉक्टरांसमोर आबा परत बरं आहे म्हणणार, तेव्हा तू गुपचूप वही पुढे सरकव.

तापाचं मात्र वहीत लिहून थांबायचं नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खूप कमी होतात, तेव्हा थर्मामीटरवर 100.4 दिसलं की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची आणि दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य केमो चालू आहे हेच सांगायचं. तसंच खोकल्यातून रक्त येणं, एकदम छातीत दुखून दम लागणं, एकच पाय सुजणं, चेहरा मान सुजणं, पाठ दुखून पायातलं बळ जाणं किंवा लघवी अडणं, फिटचा झटका येणं, सकाळी डोकं दुखून उलट्या होणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. हे तुझ्या आईलाही सांगून ठेव, तू प्रत्येक वेळी घरी असशीलच असं नाही.

दमाचं सांगते, कारण आजारात माणसाला सगळ्यात जास्त भीती श्वासाचीच वाटते, मला अजूनही वाटते. दम लागला की आडवं करायचं नाही. खुर्चीत बसवून पुढे झुकवायचं, कोपर गुडघ्यांवर, खांदे ढिले, नाकाने श्वास आत आणि ओठांचा चंबू करून गरम चहावर फुंकर मारतो तसा हळूहळू बाहेर, बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब. टेबल फॅन सरळ तोंडावर लावायचा, गालावर आणि नाकाजवळ वारा लागला की दम खरंच कमी वाटतो, डॉक्टर लोकही हे मुद्दाम सांगतात. आणि तेव्हा खोलीत सगळा भाऊबंद गोळा करू नका, एकानेच जवळ बसायचं. छातीत पाणी भरल्यामुळे दम असेल तर ते काढता येतं, रक्त कमी असेल तर भरता येतं, म्हणून कारण विचारा, कॅन्सर आहे मग दम लागणारच असं स्वतःच ठरवू नका. तरीही राहिला तर डॉक्टर अगदी कमी डोसमध्ये मॉर्फिन देतात. नाव ऐकून घरात रडारड होते, आता शेवट आला असं समजतात. तसं नाही. ते दुखण्याला आणि दमाला दोन्हीला चालतं, फक्त पोट गच्च होतं म्हणून जुलाबाचं औषध त्याच दिवसापासून डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पॅलिएटिव्ह केअरकडे, म्हणजे दुखणं, दम असा त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे, पाठवलं तरी घाबरू नका. 2010 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला होता, पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ज्यांना सुरुवातीपासूनच ही मदत मिळाली त्यांचा त्रास आणि उदासी कमी होती आणि ते जगलेही जास्त.

एक गोष्ट डॉक्टरांना नक्की विचार, गाठीचा तुकडा तपासताना ईजीएफआर, एएलके या टेस्ट केल्या का, कॅन्सरच्या पेशींतल्या जनुकात बदल आहे का ते त्यातून कळतं. माझ्यात ईजीएफआरचा बदल निघाला आणि मी त्यावरच्या रोजच्या गोळीवर आहे. मी आयुष्यात बिडीचा धूर घेतला नाही, चुलीचा मात्र पोटभर घेतला, आणि आधी टीबी समजून गोळ्या खाल्ल्या त्यात महिने गेले ते वेगळेच, आपल्याकडे असं खूप जणांचं होतं. गोळीनेही त्रास होतो बरं का, तोंडावर पुरळ, जुलाब, नखांच्या कडा पिकतात, मला परवापर्यंत साडीची पिन लावता येत नव्हती. पण सांगितलं की मलम मिळतं, डोस बदलतो, म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. अ‍ॅसिडिटीची गोळीसुद्धा विचारून, गेफिटिनिब, अर्लोटिनिबसारख्या ईजीएफआरवरच्या गोळ्या तिच्यामुळे नीट अंगी लागत नाहीत. आबांच्या केमोत पेमेट्रेक्सेड नावाचं औषध असेल तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज आणि बी12 चं इंजेक्शन दर नऊ आठवड्यांनी असतं, ते साधं व्हिटॅमिन समजून चुकवू नका, केमोचा विषारीपणा त्यानेच आवरतो. आणि कोणी लांबून आणलेला झाडपाल्याचा काढा आधी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, कितीही जवळच्या माणसाने आणला तरी.

मे महिना येतोय, आपल्याकडे पारा 45 ला जातो, त्यात जुलाब किंवा उलट्या झाल्या की माणूस एका दिवसात कोमेजतो. ओआरएसची पाकिटं घरात ठेव. जेवण थोडं थोडं पाच सहा वेळा. तोंड आलं असेल तर कळण्याची भाकरी कोरडी देऊ नका, दुधात नाहीतर वरणात कुस्करून द्या, तिखट शेवभाजी काही दिवस राहू दे. भरीत मागितलं तर जरूर करा, मिरची कमी घाला, वांगी मात्र कपाशीच्या काड्यांवर भाजायची असतील तर दूर खळ्यात भाजा, धूर आबांकडे यायला नको. फवारणीच्या दिवशीही त्यांना शेतात नेऊ नका.

बिडी अजून चालू असेल तर आताही सोडल्याने फायदा होतो, उपचार जास्त मानवतात. पण येणारे पाहुणे 'बिडी ओढायचे ना?' म्हणत बसतील तर तू विषय तिथेच तोड. आजारी माणसाला त्याच्या खाटेवर दोषी ठरवायचा हक्क कोणालाच नाही.

ऑक्सिजन मशीन डॉक्टरांनी लिहून दिलं तरच आणा, ते लाइटीवर चालतं आणि आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही म्हणून जोडीला सिलेंडर भरलेला हवा, आणि त्या खोलीत बिडी, अगरबत्ती, दिवा काहीच नको.

मुंबईला जावं लागलं तर आधी हॉस्पिटलमधून रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट घे, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ होतं आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सूट मिळते, तिकीट मात्र काउंटरवरूनच काढावं लागतं. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय काय बसतं ते हॉस्पिटलमध्ये योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला विचार, दागिने मोडायच्या आधी विचार.

आणि बेटा, आबांना नुसते खाटेवर बसवून ठेवू नकोस. केळीचा भाव काय फुटला, यंदा कापूस किती लावायचा, हे त्यांनाच विचार. सकाळी अंगात बळ असतं तेव्हा दहा पावलं चालू दे, दमले की बसू दे, परत चालू दे. केमो पुढे घ्यायची की नाही, कुठवर घ्यायची, हेही तुम्ही भावाभावांनी बाहेर व्हरांड्यात ठरवायचं नाही, त्यांना आजाराचं नाव माहीत असलं पाहिजे आणि त्यांचं मत आधी ऐकलं पाहिजे. मला माझ्या घरच्यांनी सुरुवातीला छातीत गाठ आहे एवढंच सांगितलं होतं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायचे आणि मी मात्र एकटी पडले होते. नाव कळल्यावर खूप रडले, पण त्यानंतरच मला काय दुखतंय ते सांगायला लागले.

उद्यापासून वही सुरू कर आणि रविवारी पानांचे फोटो पाठव, मी बघते. फोन करायचा तर सकाळी कर, दुपारी गोळीने मला झोप लागते.

तुझी
मॅडम