हळदीतलं कर्क्युमिन दिल्यावर ह्यूव्हेक पेशींवरचा (माणसाच्या नाळेतल्या शिरेच्या अस्तराच्या पेशी) आयकॅम-1, म्हणजे श्वेतपेशींना चिकटवून घेणारं प्रथिन, कधी घटतो, कधी नाही. चुकतंय कुठे?

तुम्ही 20 मायक्रोमोलर कर्क्युमिन देऊन, तासाभराने टीएनएफ-अल्फा (दाह पेटवणारं प्रथिन) घालून 24 तासांनी फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीची चमक मोजणारी चाचणी) करताय आणि दर खेपेला आकडा वेगळा येतोय. मला पेशींपेक्षा कर्क्युमिनचाच संशय आहे.

सिरम नसलेल्या मीडियममध्ये 37 अंशांवर कर्क्युमिन अर्ध्या तासात बहुतेक नष्ट होतं. सिरममध्ये जास्त टिकतं, पण तिथलं अल्ब्युमिन त्याला धरून ठेवतं. म्हणजे सिरम बदललं की डोसही बदलला. एकच प्रमाण ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. डीएमएसओ या द्रावकात 20 मिलिमोलरचा स्टॉक करा, थोडाथोडा वेगळा भरून अंधारात गोठवा. 1 मिलिलिटर मीडियमला 1 मायक्रोलिटर घातलं की 20 मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ 0.1 टक्काच राहतो. तेवढाच डीएमएसओ प्रत्येक कंट्रोलला हवा.

दुसरं, कर्क्युमिन स्वतःच हिरवं चमकतं. आयकॅम-1 ओळखणाऱ्या अँटिबॉडीला एफआयटीसी हा हिरवा चमकणारा रंग लावलेला असेल तर खरी घटसुद्धा त्या चमकीत झाकली जाते. एपीसी हा लाल चमकणारा रंग लावलेली अँटिबॉडी घ्या, आणि कर्क्युमिन दिलेल्या पण अँटिबॉडी न लावलेल्या पेशींचा एक कंट्रोल ठेवाच. पेशी सोडवायला ट्रिप्सिन नको, पृष्ठभागावरची प्रथिनंही कापली जातात, अ‍ॅक्युटेज हे सौम्य एन्झाइम मिश्रण वापरा.

आयकॅम-1 या पेशींवर मुळातच थोडा असतो, त्यामुळे घट शून्यापर्यंत जाणार नाही. म्हणून मी आधी ई-सिलेक्टिन हे तसंच चिकटवणारं प्रथिन बघेन: टीएनएफ 10 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, 4 ते 6 तास. विश्रांतीतल्या पेशींवर तो जवळजवळ नसतो, फरक स्वच्छ दिसतो. पॅसेज 5 च्या पुढच्या, म्हणजे पाचापेक्षा जास्त वेळा नव्या भांड्यात वाढवलेल्या पेशी घेऊ नका, प्रतिसाद मंदावतो.

टीएनएफचा निरोप जनुकांपर्यंत नेणारा एनएफ-कप्पा-बी मार्ग अडतोय का, हे आयकप्पाबी-अल्फाच्या (त्या मार्गाला रोखून धरणारं आणि टीएनएफने तुटणारं प्रथिन) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत कळेल, पण नमुना टीएनएफनंतर 15 मिनिटांनी घ्या. तासाभराने ते प्रथिन पुन्हा तयार होतं आणि काहीच घडलं नाही असं वाटतं. तुलनेला हाच मार्ग अडवणारं रसायन बे 11-7082, 5 मायक्रोमोलर, टीएनएफच्या तासभर आधी. तेही पेशींना जड जातं, म्हणून फ्लो सायटोमेट्रीच्या प्रत्येक नमुन्यात 7-एएडी (मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) घालून मेलेल्या पेशी वगळा.

आणि निष्कर्षात कर्क्युमिनला 'आयकॅम-1 इनहिबिटर' म्हणू नका. ते आयकॅमला चिकटून श्वेतपेशींना अडवतं असं या प्रयोगातून दिसत नाही. दिसलं तर एवढंच दिसेल की पेशी तो कमी बनवतात. शिवाय कर्क्युमिन अनेक प्रथिनांशी अभिक्रिया करतं, तेव्हा ही घट एनएफ-कप्पा-बीमुळेच झाली, असं ब्लॉट हाती येईपर्यंत लिहू नका.