'शिक्षेचं प्रमाण' म्हणजे नक्की कशाचं?

कोल्हापुरात कायदा शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "बातम्यांत 'शिक्षेचे प्रमाण ५४ टक्के' असं येतं. आमचे सर म्हणतात, 'प्रमाण' चूक, 'शिक्षेचा दर' म्हणा. बरोबर कोणतं?"

सरांचा मान राखून सांगतो, दोन्ही चूक. आणि चूक 'प्रमाण' या शब्दात नाहीच, ती 'शिक्षा' या शब्दात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये इथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून भवानी मंडपापासून मार्केट यार्डापर्यंत कुठेही कोर्टाच्या गप्पा ऐकू येतात आणि हा आकडा दर वेळी एकाच वाक्यात येतो: 'शंभरातल्या चोपन्न गुन्हेगारांना शिक्षा होते, बाकीचे सुटतात.' ते ऐकलं की मला राहवत नाही.

एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करणारी केंद्राची संस्था, मोजते ते असं: त्या वर्षात ज्या खटल्यांची सुनावणी संपली, त्यांपैकी किती खटल्यांत दोष सिद्ध झाला. नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्हे, पकडलेल्या माणसांपैकी तर नव्हेच. ज्याची फिर्याद ठाण्याच्या पायरीवरून परत गेली तो यात नाही. ज्याचा खटला वर्षानुवर्षं तारखांवर चालला आहे तोही नाही. शिवाय दोषी ठरणं आणि शिक्षा होणं ही दोन वेगळी पावलं आहेत. सत्र न्यायालयात आधी दोषी ठरवतात, मग शिक्षेपुरतं आरोपीचं म्हणणं स्वतंत्र ऐकतात. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली दोषी ठरलेल्या माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडताही येतं. म्हणून शब्द 'दोषसिद्धी' हवा.

आता 'दर'. दर हा उसाला, गुळाला आणि लोकसंख्येला. 'दर हजारी', 'दर लाखामागे' असा हिशेब असेल तिथे तो चपखल बसतो: २०२२ साली देशात लाख लोकांमागे ४२२.२ गुन्हे नोंदले गेले, हा गुन्ह्यांचा दर. पण अख्ख्यातला हिस्सा सांगायचा असेल तर मराठीत 'प्रमाण'च म्हणतात. तांबड्या रश्श्यात तिखटाचं प्रमाण असतं, तिखटाचा दर बाजारात विचारतात.

'प्रमाण' या शब्दापाशी मात्र मला थांबायचंच आहे, कारण अर्धी गोष्ट त्याच्याच पोटात आहे.

धातू 'मा', मोजणे. माप, मात्रा, उपमा, अनुमान ही सगळी त्याचीच लेकरं. 'प्रमा' म्हणजे खरं ज्ञान, आणि पुढचा 'अन' प्रत्यय इथे साधन दाखवतो. म्हणजे प्रमाण हे मोजून आलेलं उत्तर नव्हे, ती मोजायची दोरी! सुताराच्या हातातली पट्टी म्हणजे प्रमाण. जिच्या भरवशावर आपण 'हे असं आहे' म्हणतो, ती वस्तू.

काही शुद्धिवादी मंडळी सांगतात की प्रमाणाचा मूळ अर्थ 'पुरावा', आणि हिस्सा किंवा गुणोत्तर हा अर्थ इंग्रजी अमदानीत चिकटला. हे साफ चूक आहे, आणि कलापूर म्हणवणाऱ्या कोल्हापुरात तरी ते कुणी बोलू नये. चित्रकलेच्या जुन्या षडंगांत, म्हणजे सहा अंगांत, 'रूपभेद' झाल्याबरोबर 'प्रमाणानि' येतं. तिथे प्रमाण म्हणजे पुरावा कसा असेल? चेहऱ्याला मान किती, खांद्याला हात किती, हेच ते. बाबूराव पेंटरांच्या गावाला हे कोशातून शिकायची गरज नाही. मोजमाप हा अर्थ आधीचा. जे मोजून पाहिलं ते पटलं, म्हणून पुरावा हा अर्थ पुढे आला, असं माझं ठाम मत आहे.

आणि कागल ओलांडून निपाणीकडे जा. कन्नडमध्ये 'प्रमाण' म्हणजे शपथ! मंत्री पदाची शपथ घेतात तिला तिकडे 'प्रमाणवचन' म्हणतात. पाऊण तासाच्या वाटेत एकच शब्द माप, पुरावा आणि शपथ असे तीन वेष घेतो, आणि तिन्हींचं कोर्टात काम पडतं. मला वाटतं आपली सगळी गफलत इथूनच होते. 'प्रमाण ५४ टक्के' असं ऐकताना कान हिस्सा ऐकतो आणि मन शपथेवरचा पुरावा ऐकतं.

न्यायदर्शनाने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, प्रमाणं म्हणजे खरं ज्ञान मिळवायची साधनं चार सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सरकारी आकडा यांतलं चौथं. 'आप्तोपदेशः शब्दः', जाणत्या आणि भरवशाच्या माणसाने सांगितलं म्हणून मानायचं. मग तो आप्त स्वतः काय सांगतो ते तरी पुरतं ऐकावं! एनसीआरबी आपल्याच अहवालात बजावते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाच एफआयआरमध्ये घरफोडी, मारहाण आणि खून असेल तर मोजणीत फक्त खून येतो, हेही तीच सांगते. हे वाचायचं सोडून लोक टक्का तेवढा उचलतात.

शिक्षा किती वर्षांच्या झाल्या हे पाहायला लोक तुरुंगांच्या वार्षिक आकडेवारीकडे जातात. ती असते ३१ डिसेंबरची. मार्चमध्ये तीन महिन्यांची शिक्षा झालेला माणूस तोवर घरी पोचलेला असतो, जन्मठेपेचा कैदी मात्र दर डिसेंबरला पुन्हा मोजला जातो. संध्याकाळी यार्डात उरलेले गुळाचे रवे मोजून दिवसभरात कोणता रवा जास्त खपला हे सांगण्यासारखं आहे हे. शिवाय ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागला नव्हता. कळंब्याच्या तुरुंगाच्या भिंतीआड जो आहे तो शिक्षा भोगतोच आहे असं धरून बोलणाऱ्यांनी 'कच्चा' हा शब्द एकदा नीट ऐकावा. न भाजलेल्या विटेला कच्ची म्हणतात, तसाच तो.

तर मुली, ते वाक्य असं लिही: '२०२२ साली भारतीय दंड संहितेखालच्या ज्या खटल्यांची सुनावणी संपली, त्यांत दोषसिद्धीचे प्रमाण सुमारे ५४ टक्के होते.' वाक्य लांब झालं म्हणून सर कापायला लागले, तर 'ज्या खटल्यांची सुनावणी संपली' एवढं त्यांना कापू देऊ नकोस.