नागरिकत्व सोडलं, कर सुटला का?

प्रश्न : माझे थोरले दीर अमेरिकेचे नागरिक झाले. खडेबाजारातल्या त्यांच्या गाळ्याचं भाडं मीच बँकेत भरते. ते म्हणतात, आता इथला कर कसला? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : ताई, भाडं बेळगावात मिळतं, म्हणून त्यावरचा कर भारतातच. आपला प्राप्तिकर सहसा पासपोर्ट बघत नाही. वास्तव्य आणि उत्पन्नाची जागा बघतो. भाडेकरूनेही अनिवासी मालकाला कर कापूनच भाडं द्यायचं असतं. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक दुकानदारांना हे ठाऊक नसतं, पुढे नोटीस येते; आजच सांगा. खानापूरकडे भातशेती असेल, तर त्या उत्पन्नाला केंद्राचा प्राप्तिकर नाही.

अमेरिका मात्र आपल्या नागरिकाच्या जगभरच्या कमाईवर कर लावते. हे भाडं तिथेही दाखवावं लागेल. इथे भरलेल्या कराचं श्रेय मिळू शकतं. शिवाय २००८च्या कायद्यानुसार, कर्ज वजा जाता २० लाख डॉलर वा जास्त मालमत्तेचा माणूस अमेरिकेचं नागरिकत्व सोडतो, तेव्हा साधारणपणे मालमत्ता विकली असं धरून ठरावीक सुटीपलीकडच्या नफ्यावर कर आकारला जातो.