जुन्या हिब्रू ग्रंथांवरची नावं

प्रश्न : जुनं हिब्रू प्रार्थनापुस्तक (सिद्दूर) मिळतंय. शीर्षकपानावर ठळक ‘आम्स्टरडॅम’, कोऱ्या पानावर एका नामवंत रब्बींची (यहुदी धर्मगुरूंची) सही. साल दिसत नाही. सही खरी धरावी का?

उत्तर : साल असतं, पण अक्षरांत; हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. उदाहरणार्थ, ताव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४; बेरीज ६३४. हे यहुदी साल, ५६३४; त्यातले वरचे ५००० बहुधा लिहीत नाहीत, म्हणून इसवी सनासाठी ६३४ मध्ये १२४० मिळवायचे : १८७४. (पुण्यात मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघालेल्या बेने इस्रायलींच्या (महाराष्ट्रातल्या यहुद्यांच्या) हग्गादाचं, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीचं, हेच साल.) कधी साल बायबलच्या वचनात दडवलेलं असतं. तिथे फक्त मोठ्या टायपातली अक्षरं मोजा. सगळं वचन मोजलंत तर आकडा भलताच येतो.

‘आम्स्टरडॅम’च्या शेजारची बारीक अक्षरं आधी वाचा. तिथल्या टायपाला फार मान होता, त्यामुळे दुसऱ्या गावचे छापखानेही ‘आम्स्टरडॅमच्या अक्षरांत’ असं छापत. शहराचं नाव मोठं, ‘अक्षरांत’ हे बारीक आणि खरं गाव त्याखाली.

आता सही. दहापट भिंगातून कसरीची छिद्रं आणि घडीच्या चिरा बघा. शाई छिद्राच्या काठावरून आत उतरली असेल किंवा चिरेत पसरली असेल, तर कागद जुना झाल्यावर कोणीतरी लिहिलंय. शाई तपकिरी आहे एवढ्यावर विसंबू नका. लोहशाई (लोखंडाच्या क्षारापासून केलेली जुन्या पद्धतीची शाई) आजही बनवता येते. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा जवळ ठेवाच, त्याखाली लोहशाई काळी उठते आणि पुसट झालेलं जुनं नावही बऱ्याचदा वाचता येतं. नामवंतांच्या नावाचे दुसरेही असत, म्हणून खात्रीच्या हस्ताक्षराशी ताडून बघितल्याशिवाय जास्तीचे पैसे मोजू नका.

साध्या मालकाची नोंदही मोलाची. ती अनेकदा बायबलमधल्या २४व्या स्तोत्राने सुरू होते : पृथ्वी आणि तिच्यातलं सारं परमेश्वराचं. पुस्तक आधी देवाचं म्हणायचं, मग खाली आपलं नाव. किती सुंदर रीत! इटलीतून आलेल्या प्रतीत शेवटच्या पानावर लॅटिन लिपीत सही आणि साल असेल, तर तो बहुधा हिब्रू पुस्तकांतला आक्षेपार्ह मजकूर खोडणारा चर्चचा तपासनीस, मालक नव्हे. आतल्या ओळींवर फासलेली शाईही बहुधा अशाच तपासनिसाची.

प्रश्न : ग्रंथालयाचा शिक्का ब्लीचने काढू का?

उत्तर : मुळीच नाही. कागद कमकुवत होतो आणि पुस्तक कुठून आलं याचा पुरावा जातो. नाझींनी लुटलेली लाखो पुस्तकं अमेरिकी लष्कराने १९४६ पासून जर्मनीतल्या ओफेनबाखला जमवली. त्यातली कितीतरी अशा शिक्क्यांवरूनच ओळखून परत पाठवता आली. ग्रंथालयातून पुस्तक कसं बाहेर पडलं, याचा कागद विक्रेत्याकडे मागा. तो मिळत नसेल, तर प्रत कितीही दुर्मीळ असो, घेऊ नका.