दीड वर्षाचे बाळ, साडेचार वर्षांची मुलगी आणि क्रूझची निवड

‘मुले अजून लहान आहेत, क्रूझला जावे का, आणि जायचे तर कोणते जहाज निवडावे?’ हा प्रश्न अलीकडे माझ्याकडे वरचेवर येतो. खरे तर हा ट्रॅव्हल एजंटला विचारण्याचा प्रश्न आहे. परंतु तो समुपदेशकापर्यंत येतो तेव्हा त्याच्या मागे घरातला एखादा न मिटलेला वाद असतो, असा माझा अनुभव आहे. ठाण्यातील एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून येथे मांडत आहे.

पती-पत्नी दोघेही नोकरी करणारे, मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा आणि घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी. पतीच्या मनात सिंगापूरहून निघणाऱ्या मोठ्या जहाजाची चार रात्रींची सफर होती. पाण्याच्या घसरगुंड्या आणि मुलांसाठी स्वतंत्र क्लब असल्याने ‘मुले तिथे रमतील आणि आपल्यालाही दोन घटका विश्रांती मिळेल’, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी लहान सफर हा दुसरा पर्याय त्यांच्यासमोर होता, पण त्यात त्यांना फारसा रस नव्हता. पत्नीला दोन्ही नको होते. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘घरी जे करते तेच मी तिथे करणार, फक्त पाण्यावर.’ आजी दोघांच्या बोलण्यात पडत नव्हत्या, मात्र घरी त्यांनी एकदाच निक्षून सांगितले होते की, लेकरांना समुद्रात नेऊ नका.

पहिल्या भेटीत जहाजांची माहितीपत्रके टेबलावर आली आणि कोणत्या जहाजावर काय आहे याचीच चर्चा बराच वेळ चालली. मी ती बाजूला ठेवायला सांगितली आणि दोघांना एकेक कोरा कागद दिला. जहाज दिवसभर समुद्रातच असेल अशा एका दिवसाचे, सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंतचे वेळापत्रक प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायचे होते. मात्र प्रत्येक तासासमोर कोणते मूल कोणाजवळ आहे, हे लिहिणे आवश्यक होते. पतीच्या कागदावर ११ ते १ आणि ४ ते ६ या वेळांसमोर ‘मुले क्लबमध्ये’ असे लिहिलेले होते. पत्नीच्या कागदावर पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या अंगाईपर्यंत धाकट्याच्या नावापुढे ‘मी’ असेच होते. दुपारी १ च्या पुढे तर त्यांनी तासांच्या रेघा ओढणेही सोडून दिले होते.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर वाद कशाचा आहे ते दोघांनाही दिसले. बहुतेक क्रूझ जहाजांवर मुलांच्या क्लबमध्ये ३ वर्षे पूर्ण झालेल्या आणि शी-शू स्वतः सांगता येणाऱ्या मुलांनाच पालकांशिवाय ठेवून घेतात. त्याहून लहान मुलांना तिथे आई किंवा वडील सोबत असतील तरच, आणि ठरावीक वेळातच, खेळू दिले जाते. काही मोठ्या जहाजांवर ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी पाळणाघर असते, परंतु त्याचे तासावर वेगळे पैसे पडतात, जागा मोजक्या असतात आणि त्या आधी राखून ठेवाव्या लागतात. म्हणजे पतीने गृहीत धरलेली चार तासांची विश्रांती थोरलीपुरती खरी होती; धाकटा त्या चारही तासांत कोणाच्या तरी कडेवर असणारच होता, आणि ते ‘कोणीतरी’ कोण, हे न बोलताच ठरून गेले होते.

बाळांसाठी काय सोयी आहेत, एवढीच चौकशी करून पालक थांबतात, असे मला अनेकदा दिसते. मी त्यांना आधी आपल्या घरातल्या सर्वांत लहान सदस्याचा दिवस डोळ्यांसमोर आणायला सांगते, कारण सफर सुखाची होणार की नाही ते त्याच्यावर अवलंबून असते. पोहण्याचा तलाव घ्या. बहुतेक जहाजांवर डायपर घातलेल्या मुलाला तलावात उतरू देत नाहीत, पोहण्यासाठी म्हणून मिळणारे खास डायपर असले तरीही. त्यांच्यासाठी वेगळा उथळ फवाऱ्यांचा भाग असला तर असतो, नाहीतर नसतो. माहितीपत्रकातली रंगीत घसरगुंडी दीड वर्षाच्या मुलाने लांबून बघायची असते, आणि त्याला ते मान्य नसते.

जेवणाचेही असेच आहे. मुख्य भोजनकक्षात रात्रीच्या जेवणाच्या बहुधा दोन वेळा असतात, एक संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास आणि दुसरी आठनंतर. लहान मुले असलेल्यांनी पहिली वेळ आग्रहाने मागून घ्यावी. रात्री साडेआठला पेंगुळलेल्या बाळासमोर तीन टप्प्यांचे जेवण मांडण्यात कोणाचेच भले नाही. या आई बाळाला नाचणीचे सत्त्व आणि मऊ भात देत असत, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक किटली आणि छोटी शेगडी नेण्याचे ठरवले होते. आगीच्या धोक्यामुळे क्रूझ जहाजांवर अशा वस्तू खोलीत नेऊ देत नाहीत आणि तपासणीत सापडल्या तर उतरेपर्यंत काढून ठेवतात. घरी शिजवलेलेही सहसा चालत नाही. सीलबंद बाळ-आहार चालतो. त्यामुळे गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते, मऊ वरणभात किंवा खिचडी सांगून मिळेल का आणि बाळाचे दूध कुठे ठेवता येईल, हे आरक्षणाआधी लेखी विचारून घेणे चांगले. मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर आपल्या चवीचे शाकाहारी, अगदी जैन जेवणही मिळते. तीन घास पोटात जाण्यासाठी तासभर लागणाऱ्या मुलाच्या आईला ही सोय घसरगुंडीपेक्षा मोठी वाटते, आणि माझ्या मते तिचे बरोबर आहे.

खोलीच्या निवडीवर मात्र आम्हाला सविस्तर बोलावे लागले. साधी आतली खोली दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांच्या आसपास असते. त्यात भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या खाटा आणि बाळाचा घडीचा पाळणा मांडला की पाय ठेवायला जागा उरत नाही. तान्हे बाळही खोलीच्या क्षमतेत एक माणूस म्हणूनच मोजले जाते, कारण जीवरक्षक नौकेतही त्याची जागा धरावी लागते. त्यामुळे ‘बाळ काय, आमच्याजवळच झोपेल’ असे म्हणून चार जणांच्या खोलीत पाचवे नेता येत नाही. पतीला बाल्कनीची खोली हवी होती. बाल्कनीचा कठडा मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत येतो आणि दाराची कडी उंचावर असते. खरा धोका असतो तो कठड्याजवळ सरकवता येणाऱ्या खुर्चीचा आणि लहान टेबलाचा. साडेचार वर्षांच्या चढाऊ मुलीच्या आईला त्या बाल्कनीत एक क्षणही निवांत बसता येणार नसेल, तर तिचे जादा पैसे कशासाठी मोजायचे? त्याउलट खिडकी नसलेल्या खोलीत दुपारीही मिट्ट काळोख करता येतो आणि बाळ दोन तास गाढ झोपते. दोन खोल्या शेजारी-शेजारी, एका खोलीत आजी आणि नात, हा त्यांच्यासाठी उत्तम मार्ग होता.

मुलीला खंबाटकी घाटात दर वेळी गाडी लागते, म्हणजे बोटही लागणार, ही आईची भीती रास्त होती. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते, या विसंगतीतून मळमळ होते. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास क्वचितच होतो. पुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो अधिक होतो. म्हणजे इथे काळजी धाकट्यापेक्षा थोरलीची करायची होती. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. मळमळ सुरू झाली की मुलाला मोकळ्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे पाहायला लावावे, रिकाम्या पोटी ठेवू नये आणि मोबाइल हातात देऊ नये. औषध बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलेच द्यावे. थोरलीचे औषध थोडे कमी करून धाकट्याला देणे तर मुळीच नको, कारण यांपैकी प्रोमेथाझिनसारखी औषधे दोन वर्षांखालील मुलांना घातक ठरू शकतात. मुहूर्त म्हणाल तर पावसाळा पूर्ण टाळावा. अरबी समुद्र डिसेंबर-जानेवारीत पुष्कळ शांत असतो.

आजींना मी तिसऱ्या भेटीला मुद्दाम बोलावले. त्या रेवसच्या बाजूच्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि ६०० हून अधिक माणसे बुडाली. आजींचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या घरातले दोघे त्या बोटीवर होते आणि त्या घरात पावसाळ्यातल्या समुद्राबद्दल दुसरे काही बोललेच जात नसे. त्यांच्या भीतीला जुनाट म्हणून बाजूला सारणे मला अयोग्य वाटले. मी त्यांना सांगितले की, आज बंदर सोडण्याआधी किंवा सोडताक्षणीच प्रत्येक प्रवाशाला सुरक्षा कवायत करावी लागते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जहाज आडवे झाल्यानंतर हा आंतरराष्ट्रीय नियम अधिक कडक करण्यात आला. प्रत्येक मुलाच्या मापाचे आणि तान्ह्या बाळांसाठी वेगळे लाइफ जॅकेट जहाजावर असावेच लागते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘ते जाकीट बाळाला घालून बघू देतात का?’ मी म्हणाले, जरूर मागा. खोलीत शिरल्याबरोबर मागा आणि बंद कसे बांधायचे ते कर्मचाऱ्याकडून शिकून घ्या. भीतीच्या जागी एखादे काम हाती आले की माणूस सावरतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

मुलीला अनोळखी माणसांकडे सोडण्याबद्दल आईच्या मनात अपराधी भावना होती. मुलगी वर्षभर बालवाडीत जात होती आणि दहा मिनिटांत रुळत होती, हे मी त्यांना आठवून दिले. आईपासून दूर होण्याची भीती साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात सर्वाधिक असते. साडेचार वर्षांच्या मुलीला तास-दीड तास क्लबमध्ये ठेवणे म्हणजे तिला टाकून देणे नव्हे. मात्र पहिल्या दिवशी तिच्याबरोबर जाऊन जागा दाखवावी, कोण घ्यायला येणार आणि कशानंतर येणार ते तिच्या भाषेत सांगावे (‘चित्र रंगवून झाले की बाबा येतील’), आणि निरोप घेऊनच निघावे. मूल खेळात गुंतले असताना गुपचूप सटकणे सोपे वाटते, परंतु त्यानंतर ते प्रत्येक दाराकडे संशयाने पाहू लागते. क्लब दुपारी जेवणाच्या वेळी बंद असतो का, रात्री दहानंतर तासावर पैसे लागतात का आणि मुलाला परत न्यायला येणाऱ्याची ओळख कशी पटवतात, हेही विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना जी कंपनी अडखळते, तिच्या जहाजावर मी माझे नातवंड पाठवणार नाही.

‘इतक्या लहान वयात मुलांना काय आठवणार, मग एवढा खर्च कशाला?’ असे पत्नीच्या माहेरी म्हटले जात होते. दीड वर्षाच्या मुलाला ही सफर आठवणार नाही, हे खरेच आहे. पण दोन वर्षे अखंड झोप न मिळालेल्या आई-बापांना मोकळा वेळ हवा असणे हे सफरीचे पुरेसे कारण आहे, आणि ते मुलांच्या आनंदाच्या नावाखाली लपवावे लागू नये. हे उघडपणे बोलले गेले तेव्हा पती बराच वेळ गप्प होते. पुढच्या भेटीत त्यांनी नवा कागद आणला. त्यात दुपारी १ ते ४ धाकटा त्यांच्याकडे होता, झोपवण्यासकट, आणि त्या तीन तासांपुढे पत्नीच्या नावासमोर त्यांनी काहीही लिहिले नव्हते.

सिंगापूरचा बेत त्यांनी धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत पुढे ढकलला. त्यात विमानप्रवास होता, मुलांचे पासपोर्ट काढायचे होते, आणि जहाज सिंगापूर सोडून पुन्हा तिथेच येणार असल्याने एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागणार होता. लक्षद्वीपची सफरही त्यांनी नाकारली. तिथे मोठे जहाज बेटापासून दूर नांगर टाकते आणि लहान होडीत उतरून किनारा गाठावा लागतो, जे बाळ कडेवर आणि आजी सोबत असताना सोपे नाही. जानेवारीतली, शनिवार-रविवार टाळून असलेली मुंबई-गोवा सफर त्यांनी निवडली, कारण सुट्टीच्या दिवसांत अशा जहाजांवर पार्टी आणि कॅसिनोसाठी आलेल्यांची गर्दी अधिक असते आणि संगीत रात्री उशिरापर्यंत चालते.

सफर सर्वस्वी सुरळीत झाली नाही. मुलीला पहिल्या रात्री एकदा उलटी झाली आणि क्लबमध्ये ती पहिल्या दिवशी वीस मिनिटांतच परत आली. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून गेली. आजींनी जाकीट मागवून नातवाला घालून पाहिले आणि शेजारच्या खोलीतल्या कुटुंबालाही मागवायला लावले. दुपारचे तीन तास बापाने पाळले. त्या वेळात पत्नी पहिल्या दिवशी केवळ झोपल्या, याचे त्यांना वाईट वाटत होते; मी त्यांना सांगितले की, त्याचसाठी तर ती वेळ होती. आता त्या विचारतात की, सिंगापूरला जाताना धाकट्याला आजीजवळ ठेवून जावे का. माझे उत्तर असे आहे की, आधी आजींना विचारावे, मग एक रात्र, नंतर दोन रात्री तसे ठेवून पाहावे, आणि आरक्षण त्यानंतरच करावे.