रविवारी पटलेलं वचन सोमवारच्या लोकलमध्ये कुठे जातं?

तुम्ही विचारलंय की उपासनेत वचन अगदी मनाला लागतं, पण सोमवारी डबे, लोकल, ऑफिस आणि सासूबाईंची औषधं सुरू झाली की ते कुठल्या कुठे जातं. मग ख्रिस्ती बाईने शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, सत्य रोजच्या जगण्यात आणायचं तरी कसं?

मी भांडुपची. तीस वर्षं नोकरीसाठी सीएसएमटीला ये-जा केली आणि त्यातली निम्मी तरी तुमचीच तक्रार करण्यात घालवली. याकोबाने ती आधीच लिहून ठेवलीय, बायबलमधल्या त्याच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात: वचन नुसतं ऐकणारा म्हणजे आरशात तोंड बघून निघून जाणारा आणि आपण कसे दिसतो ते लगेच विसरणारा माणूस. लेडीज डब्यात रोज बायका पर्समधून छोटा आरसा काढतात. पण विस्कटलेले केस बघून, त्यांना हात न लावता आरसा परत पर्समध्ये टाकणारी एकही बाई मी पाहिलेली नाही. शास्त्राच्या बाबतीत मात्र मी वर्षानुवर्षं तेच करत होते.

माझ्या बाबतीत हे कुठे बदललं ते सांगते. एका जानेवारीत मी अख्खं शास्त्र वर्षात वाचून काढायचं ठरवलं. असे संकल्प लेवीय या तिसऱ्या पुस्तकात पोचले की गाळात रुततात, माझाही रुतला. पण त्याआधी एकोणिसाव्या अध्यायातलं तेरावं वचन आडवं आलं: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवून घेऊ नये. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात त्याचं कारणही दिलंय. तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीला लागलेला असतो, म्हणून सूर्य मावळायच्या आत ती द्यावी.

मी सोफ्यावर बसून हे वाचत होते आणि आत ताई भांडी घासत होत्या. तारीख होती सहा. माझा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी खात्यात यायचा. त्यांचा मी द्यायचे आठला, कधी दहाला. कारण काही नाही. आधी मेंटेनन्स, मग वीज, मग वाण्याचं बिल, मग ताई, अशी आमच्या घरची रीत. मनात लगेच आलं की हे जुन्या काळच्या शेतमजुरांसाठी असणार. (असं मनात आलं की समजावं, वचन बरोबर आपल्याच दारात उभं आहे.) उठले आणि पैसे दिले. त्या म्हणाल्या, "आज कसे? गावाला चाललात का?"

मग बोलता बोलता कळलं. त्यांचं खोलीभाडं पाच तारखेला. दर महिन्याला मालकाची बोलणी खायची, नाहीतर शेजारणीकडून उसने घ्यायचे आणि माझे पैसे आले की फेडायचे. आठ वर्षं हे चाललं होतं. त्याच आठ वर्षांत मी महिला मंडळात 'दया' या विषयावर दोनदा बोलले होते, आणि चांगलं बोलले होते म्हणे.

आता पगार जमा झाला की पहिले पैसे ताईंच्या खात्यावर जातात, वीजबिल थांबतं. त्यातून आणखी एक निघालं. शब्बाथाच्या आज्ञेत, निर्गमच्या विसाव्या अध्यायात, विसावा कोणाकोणाला ते नावानिशी दिलंय: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंसुद्धा. मी रविवारी चर्चला जात होते आणि माझी भांडी घासायला ताई येत होत्या. आता रविवारची भांडी आम्ही घासतो. मुलगा घासतो म्हटलं तर जास्त खरं.

म्हणून माझं मत असं की सुरुवात भावनेपासून करूच नका. दुसऱ्याचं काय आपल्या हातात अडकलंय ते आधी बघा. कोणाचे पैसे, कोणाचा वेळ, कोणाचं नाव. नाव म्हणजे, आपल्या लोकल ग्रुपमध्ये जी आज आली नाही तिच्याबद्दल घाटकोपर ते दादर काय बोललं जातं ते. आणि फोनवर "विक्रोळी सोडलं गं" म्हणताना आपण अजून कांजूरला असतो, तेही. 'होय' ते होय असावं, हे प्रभूने डोंगरावर सांगितलं तेव्हा मोबाईल नव्हते, पण वाट बघणारी माणसं होतीच.

आता नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय, कारण तो तुमच्याही डोक्यावर बसलेला असणार. पहाटे उठणारी, सूत कातणारी, शेत विकत घेणारी, रात्री जिचा दिवा विझत नाही ती सद्गुणी स्त्री. मी तो कामांची यादी म्हणून वाचायचे आणि दमायचे. तो भाग कविता आहे. बावीस कडवी, इब्री (हिब्रू) वर्णमालेतल्या बावीस अक्षरांवर ओळीने रचलेली. यहुदी घरांमध्ये शुक्रवारी संध्याकाळी जेवणाआधी नवरा ती बायकोसाठी गातो. म्हणजे ती तिची स्तुती आहे, तिची हजेरी घेणं नव्हे. शिवाय त्या बाईच्या घरी दासी होत्या, हे आपल्याकडे सांगायचं नेमकं राहून जातं.

मागचं-पुढचं न वाचता वचन उचललं की असंच होतं. म्हणून रोज एकच उतारा घ्या, पण अख्खा. आपल्या मराठी बायकांसाठी पंडिता रमाबाईंनी केवढी खटपट केली आहे! 1889 मध्ये त्यांनी इथे मुंबईतच, चौपाटीजवळ, शारदा सदन सुरू केलं. पुढे केडगावला इब्री आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल केलं. 1922 मध्ये त्या गेल्या, ते भाषांतर 1924 मध्ये छापून आलं. एवढं झाल्यावर आपण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका ओळीवर दिवस काढायचा म्हणजे कमालच.

क्षमेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात सगळ्यात आधी तिथेच ठेच लागते. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा, हे मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात थोडं आधी हेही आहे की भावाने अपराध केला तर त्याला एकांतात सांगा. ऐकलं नाही तर दोन-एक माणसं बरोबर घ्या. तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चला, कळवा. गप्प राहून सोसा असं तिथे कुठेही नाही. घरात मारहाण होत असेल तर कोणी कितीही वचनं ऐकवू देत, 181 ला फोन करा आणि सुरक्षित ठिकाणी जा. क्षमेचं नंतर बघता येतं.

माझं भांडण साधं होतं. परळच्या चाळीतल्या सासऱ्यांच्या खोलीवरून जावेशी चार वर्षं अबोला. एका प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेमका मत्तयचा पाचवा अध्याय वाचला: अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी जाऊन समेट कर. मी बाहेर येऊन पायरीवरून फोन लावला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलून ती एवढंच म्हणाली, "बोल." मला काय बोलायचं ते सुचेना, म्हणून विचारलं की गुडघा कसा आहे.

खोलीचा वाद अजून मिटलेला नाही. नाताळात करंज्यांचा डबा मात्र दोन्हीकडून जातो, आणि तिच्या करंज्या माझ्यापेक्षा खुसखुशीत असतात.