उन्हाळ्यातला मॅरेथॉनचा सराव : वेळापत्रक कुठे वाकवावे आणि कुठे नाही

प्रश्न : मी इंदूरला लोकमान्यनगरात राहते. वय ४१, नोकरी बँकेत. आतापर्यंत दोन अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्या असून यंदा ऑगस्टअखेरीस हैदराबादला पहिली पूर्ण मॅरेथॉन धावायची आहे. त्यासाठी १८ आठवड्यांचे एक तयार वेळापत्रक घेतले आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सराव सुरू केला. मंगळवारी इंटरव्हल (थोडे जलद, मग थोडे सावकाश अशी आवर्तने), गुरुवारी टेम्पो (जलद पण एकसारख्या वेगाची सलग धाव), शनिवारी हलकी धाव आणि रविवारी लांब पल्ला, असा क्रम आहे. मे महिन्यात मात्र सारे विस्कटले. मुलांना सुट्ट्या, उज्जैनला नात्यातली दोन लग्ने, त्यात उकाड्याने रात्री झोप नाही. हलक्या धावेसाठी किलोमीटरला साडेसहा मिनिटे लिहिली आहेत, तिथे मला सव्वासात लागतात. चुकलेली धाव दुसऱ्या दिवशी भरून काढली की पाय जड होतात. पुढे वटपौर्णिमेचा उपवासही आहे. यंदाची स्पर्धा सोडून द्यावी का?

उत्तर : सोडू नका. आपल्या पत्रात तयारी बिघडल्याचे एकही लक्षण मला दिसले नाही. विस्कटले आहे ते वेळापत्रक, आणि ते इंदूरचा मे महिना डोळ्यांसमोर ठेवून आखलेले नव्हते.

आधी वेगाचे पाहू, कारण आपले मन त्यानेच अधिक खचलेले दिसते. उन्हाळ्यात शरीराला एकाच रक्ताकडून दोन कामे करून घ्यावी लागतात : स्नायूंना प्राणवायू पोहोचवणे आणि आतली उष्णता त्वचेपर्यंत आणून सोडणे. घामावाटे पाणी जाते तसे रक्तातला द्रवभागही घटतो, प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त ढकलते, आणि म्हणून तोच वेग राखण्यासाठी नाडी वाढत जाते. याचा अर्थ सव्वासात मिनिटांच्या वेगाने धावतानाही आपले हृदय साडेसहाच्या वेगाइतके किंवा त्याहून अधिक काम करत असते. दोहा येथे २०१९ मध्ये झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास सुरू करावी लागली, तरीही ६८ पैकी ४० धावपटूच शेवटपर्यंत पोहोचल्या. विजेतीला २ तास ३२ मिनिटे ४३ सेकंद लागले. तिनेच त्या वर्षी जानेवारीत दुबईला २ तास १७ मिनिटे ८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली होती. जगातल्या अव्वल धावपटूला पंधरा मिनिटांहून अधिक किंमत मोजावी लागली, तर आपले किलोमीटरमागे वाढलेले पाऊण मिनिट अगदी रास्त आहे.

म्हणून पावसाळा सुरू होईपर्यंत वेळापत्रकातले किलोमीटर मिनिटांत बदलून घ्या. दहा किलोमीटरची हलकी धाव साडेसहाच्या वेगाने ६५ मिनिटांची होते. तेव्हा ६५ मिनिटे धावा, नऊ किलोमीटर झाले तरी घरी परता आणि वहीत धाव पूर्ण झाली असेच लिहा. हलक्या धावेत शेजारच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, एवढी एकच कसोटी ठेवा.

दिवसांची अदलाबदल करायला हरकत नाही, मात्र सगळ्या धावा एकाच मोलाच्या नसतात. हलकी धाव चुकली तर ती सोडून द्या, कारण ती दुसऱ्या दिवशी भरून काढण्याच्या नादात पुढची महत्त्वाची धाव खराब होते, आणि आपले पाय जड होत आहेत ते याच कारणाने. मे आणि जूनच्या पूर्वार्धात इंटरव्हल व टेम्पो यांपैकी आठवड्याला एकच ठेवा, आणि ते व लांब पल्ला यांच्यात किमान ४८ तासांचे अंतर राहील असा कोणताही दिवस निवडा. लांब पल्ला रविवारीच व्हायला हवा असे नाही. उज्जैनला लग्न असेल तर तो शुक्रवारी पहाटे उरकता येतो. त्या आठवड्यात जमलाच नाही, तर पुढच्या आठवड्यात जे अंतर राहिले होते तेच धावा, त्याच्या पुढच्या अंतरावर उडी घेऊ नका. रोहिणी नक्षत्रातला नौतपा, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस, मी स्वतः हलक्या आठवड्यासाठीच राखून ठेवतो, कारण त्या दिवसांत रात्रीची झोपही पुरी होत नाही आणि झोपेवाचून केलेला कठीण सराव अंगी लागत नाही.

जिथे वाकवू नये ते एवढेच : लांब पल्ल्याची चढती कमान जुलैअखेरपर्यंत २८ ते ३२ किलोमीटरपर्यंत पोहोचली पाहिजे, आणि शेवटचे तीन आठवडे राहिलेल्या धावा भरून काढण्यासाठी वापरता कामा नयेत.

वेळ पहाटेचीच निवडा. मालव्याच्या रात्री थंड असतात असे आपण अभिमानाने म्हणतो, पण तो गारवा यायला मध्यरात्र उलटावी लागते. संध्याकाळी सात-आठ वाजता डांबर आणि भिंती दिवसभराची उष्णता बाहेर टाकतच असतात. मेअखेरीस इंदूरला सूर्योदय पावणेसहाच्या आसपास होतो, आणि सर्वांत थंड वेळ त्याच सुमाराची असते. म्हणून साडेचारला घर सोडावे. सुपर कॉरिडॉरचा रस्ता रुंद असला तरी सावलीला झाड नाही. परतीची धाव उन्हात सापडली तर तिथे फार हाल होतात. त्यापेक्षा रेसिडेन्सी भागातल्या जुन्या झाडांखाली तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या घ्याव्यात, म्हणजे प्रत्येक फेरीला पाण्यापाशी परत येता येते आणि बरे वाटले नाही तर घर जवळ असते. फारच उकाडा असेल त्या दिवशी ट्रेडमिल वापरण्यास हरकत नाही, पण सगळा सराव वातानुकूलित खोलीत झाला तर शरीर उष्णतेला सरावत नाही. ते सरावायला रोज तासभर उष्म्यात हलका व्यायाम करून १० ते १४ दिवस लागतात : घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला द्रव वाढतो. हा लाभ काही आठवडे उष्म्यापासून दूर राहिल्यास ओसरतो.

पाण्याचा अंदाज वजनकाट्यावर घ्यावा. धावेच्या आधी व नंतर, अंग पुसून आणि घामाचे कपडे काढून, वजन करा. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, अंग कोरडे वाटते, म्हणून ही मोजणी करणे आवश्यकच आहे. वजन दोन टक्क्यांहून अधिक घटू देऊ नका, आणि ते वाढले असेल तर पाणी गरजेपेक्षा जास्त झाले असे समजा. नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर घसरू शकते. दीड तासापुढच्या धावेत ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच घ्यावे. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. धावून आल्यावर कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले ताक उत्तम. आपली इंदुरी शिकंजी मात्र आटवलेल्या दुधाची, घट्ट आणि गोड असते. ती तहान भागवण्यासाठी नाही, तिचा आस्वाद सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात निवांतपणे घ्यावा.

वटपौर्णिमेला पूर्ण विश्रांती घ्या. दुसऱ्या दिवशी व्यवस्थित जेवण व पाणी झाल्यावर, तेही वाटले तरच, अर्धा तास हलके धावा आणि लांब पल्ला त्यापुढे किमान दोन दिवस ढकला.

एक सूचना जुलैसाठी. पाऊस आला की पारा उतरेल आणि जुना वेग लगेच परत येईल अशी अपेक्षा आपण कराल, पण दमट हवेत घाम उडत नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम अंग थंड करत नाही. तेव्हाही पहिले दोन आठवडे मिनिटांवरच धावा. हैदराबादलाही ऑगस्टमध्ये हवा दमटच मिळेल आणि वाटेत उड्डाणपुलांचे चढ आहेत, म्हणून पहिल्या मॅरेथॉनसाठी वेळेचे लक्ष्य न ठेवता ४२.१९५ किलोमीटर नीट पूर्ण करणे एवढेच ठरवावे असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आम्ही काही मित्र नेहरू स्टेडियमजवळ एकत्र धावतो. गेल्या रविवारी एक सहकारी शेवटच्या फेरीत अडखळू लागला आणि असंबद्ध बोलू लागला. त्याला भरपूर घाम येत होता, म्हणून हा उष्माघात नसावा असे समजून आम्ही त्याला सावलीत बसवून पाणी पाजले. थोड्या वेळाने तो सावरला. आमचे काही चुकले का?

उत्तर : तो सावरला हे सुदैव, पण चूक झाली आणि ती पुन्हा होऊ नये. उष्माघातात घाम थांबतो ही समजूत धावपटूंच्या बाबतीत खरी ठरत नाही. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. ओळखायचे ते वागण्यावरून. धावणारा माणूस गोंधळला, तोल जाऊ लागला, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देऊ लागला, चिडला किंवा बेशुद्ध पडला, तर उष्माघात आहे असेच धरून चालावे. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते आणि प्रत्येक मिनिट महत्त्वाचे असते.

एकाने लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि बाकीच्यांनी तिची वाट न पाहता अंग थंड करायला घ्यावे. टब किंवा मोठे टाके मिळाल्यास गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवून डोके धरून ठेवावे. ते नसेल तर अंगावर सतत पाणी ओतत वारा घालावा आणि बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल सर्वांगावर घालून वरचेवर बदलावेत. शुद्ध पूर्ण नसलेल्या माणसाला पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. आपल्या गटाने रविवारी एका गाडीत बर्फाची पेटी, चार टॉवेल आणि वीस लिटरचा जार ठेवावा. त्या मित्राला बरे वाटत असले तरी डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत त्याला धावू देऊ नका, आणि रक्तदाबाच्या किंवा अन्य गोळ्या चालू असतील तर त्या तपासणीत अवश्य सांगायला लावा, कारण त्यांतल्या काही लघवीवाटे शरीरातले पाणी व क्षार कमी करतात.